विश्वास आणि हिशेब

पोटच्या मुलाकडे हिशेब मागावा काय, हा प्रश्न आपल्या समाजात सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही. परंतु लोद, रामले, अश्दोद, बेर-शेवा, दिमोना येथील आपल्या कित्येक घरांत तो आज मनातल्या मनात विचारला जात आहे. भारतातून येऊन ज्यांनी कारखान्यांत, बंदरावर, रुग्णालयांत आयुष्य वेचले, ते आता ऐंशीच्या घरात आहेत. कामाचे पेन्शन आणि बितुआख लेउमीची किजबा दरमहा बँकेत जमा होते. पण डोळे अधू झालेले, पत्रे हिब्रूत, आणि निम्मे व्यवहार टेलिफोनच्या पडद्यावर. मग मुलगा, लेक, सून किंवा भाचा यांच्या हाती कारभार द्यावा लागतो.

देताना आपण म्हणतो, "घरचाच माणूस आहे, कागद कशाला?" हे बोलणे प्रेमाचे आहे, पण आमच्या मते शहाणपणाचे नाही.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील योआश राजाची हकिकत पाहा. मंदिराच्या डागडुजीचा पैसा कोहनीमांच्या हाती होता. राजाच्या कारकिर्दीचे २३ वे वर्ष आले तरी दुरुस्ती झालेली नव्हती. कोणी चोरी केली असे शास्त्र म्हणत नाही. काम झाले नाही, एवढेच म्हणते. तेव्हा झाकणाला भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेवण्यात आली. पेटीत पैसा साठला की राजाचा लेखक आणि कोहेन गादोल असे दोघे मिळून तो मोजीत. पुढे ज्यांच्या हाती तो कामासाठी दिला, त्यांच्याकडून हिशेब घेतला नाही, कारण ते सचोटीने वागत होते. हे शेवटचे वाक्य आपल्याला फार आवडते. पण क्रम ध्यानात घ्यावा. आधी दोघांनी मोजले, मग विश्वास टाकला.

तोरेची आज्ञा आहे की आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये. तल्मुदात राव या आचार्यांच्या नावाने सांगितले आहे की साक्षीदारांशिवाय पैसे उसने देणाराही ही आज्ञा मोडतो. देणारा दोषी कसा? तर घेणाऱ्याला मोह होण्याची वाट त्यानेच मोकळी केली म्हणून. आजच्या घरात पाहा. मुलाचा मश्कांताचा हप्ता थकलेला आहे आणि आईचे बँकेचे कार्ड खिशात आहे. "पुढल्या महिन्यात परत टाकू," असे म्हणून तो थोडे काढतो. तो चोर नव्हे. पण त्याच्या वाटेतला दगड आपणच ठेवला. महिन्याकाठी दोन ओळींची नोंद आणि ती पाहणारी एक बहीण एवढे असते, तर तो मोहातून वाचला असता. जो प्रामाणिक आहे, त्यालाही हा कागदच तारतो. शिव्याच्या सात दिवसांत भावंडांमध्ये जी कुजबुज होते, तिला दुसरे उत्तर नाही.

याहून अवघड प्रश्न असा की, सोपवलेला पैसा चालवायचा कोणाच्या मर्जीने? आईला कोकणातल्या आपल्या गावच्या सिनेगॉगसाठी देणगी पाठवायची आहे, किंवा नवस फेडण्यासाठी मलिदा करून शंभर माणसे जेवू घालायची आहेत. मुलाला ही उधळपट्टी वाटते. आईवडिलांचा मान कोणाच्या पैशाने राखावा, याची चर्चा तल्मुदाच्या किद्दुशीन भागात आहे. निर्णय असा की, खर्च बापाच्या पैशातून. मुलाने द्यायची ती सेवा. याचा आम्ही असा अर्थ घेतो की पैसा आईचा तशी इच्छाही आईचीच. मुलाने सल्ला द्यावा, कोणी लबाड फोनवरून तिला फसवीत असेल तर आडवे यावे. पण आपली आवड तिच्या नावावर खपवू नये. तिचे भान हरपले, तरी "मला काय बरे वाटते" हा प्रश्न नव्हे, "तिने काय केले असते" हा प्रश्न आहे.

येथील कायदाही याच वाटेने चालतो. बँकेला दिलेले साधे मुखत्यारपत्र माणसाची कायदेशीर पात्रता संपताच संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. संयुक्त खात्यात नाव घातले, तर मदतनीस न राहता तो भागीदार होतो. म्हणून २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन २०१७ पासून यिपुई कोआख मित्माशेख, म्हणजे भान गेल्यावर लागू होणारे मुखत्यारपत्र, करता येते. भान शाबूत असताना, त्याचे खास शिक्षण घेतलेल्या वकिलासमोर ते करायचे आणि अपोत्रोपोस हाक्लालीच्या कचेरीत जमा करायचे. त्यात आपल्या इच्छा लिहिता येतात, ज्याला कारभार कळवला जावा असा दुसरा माणूस नेमता येतो, आणि शुद्धीत असेपर्यंत ते रद्दही करता येते. ते केलेले नसेल, तर न्यायालय अपोत्रोपोस नेमू शकते.

वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की माणूस निवडताना थोरला कोण हे न पाहता नेटका कोण हे पाहावे. ती लेकही असेल. आणि मुलांना सांगणे एवढेच की हिशेब मागण्याची पाळी आईवर आणू नये. तो आपणहून तिच्यापुढे ठेवावा, तिला वाचता येत नसेल तर मराठीतून वाचून दाखवावा.