चित्राची साक्ष

गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्यांची कन्या हैदराबादेहून आदिलाबादेस घरी आली होती. ती तेथे प्रथिनांच्या रेणुरचनेवर संशोधन करते. एका नियतकालिकासाठी ती रेणूचे चित्र सिद्ध करीत होती. फितीसारखी वेटोळी, निळे नायट्रोजन, तांबडे ऑक्सिजन; सारे मोठे देखणे. पण तिच्या मनात एक शंका होती. "काका, या साखळीचा एक तुकडा प्रयोगात स्पष्ट दिसलाच नाही. चित्र तुटके दिसू नये म्हणून मी तो जोडला, तर ते खोटे ठरेल काय?"

प्रश्न लहान, पण आम्हांस तो धर्माचा वाटला. वरवर पाहता अशा चित्रात पुष्कळच कल्पित असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 4000 ते 7000 अँगस्ट्रॉम, आणि अणूचा व्यास अवघा काही अँगस्ट्रॉम. त्याला तांबडा-निळा रंग कोठून असणार? मग रंग चालतात, तर एक तुकडा का चालू नये?

जैनथच्या लक्ष्मीनारायणापुढे हात जोडणारा भक्त जाणतो, की वस्त्रे आणि दागिने पुजाऱ्याने चढविलेले आहेत. तो अलंकार कोणास फसवीत नाही. तांबडा ऑक्सिजन हा असाच सर्वमान्य संकेत होय. परंतु भंगलेल्या मूर्तीचा हात मेणाने जोडून ती अभंग म्हणून दाखविणे निराळे. तेथे पाहणाऱ्याचा विश्वासच चोरला जातो.

नियतकालिके बहुधा इंचास 300 ठिपक्यांचे चित्र मागतात. पण तो रेखीवपणा छपाईचा. प्रयोगाचा रेखीवपणा अँगस्ट्रॉममध्ये मोजतात, आणि ठिपके वाढविल्याने तो वाढत नाही. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने 2001 मध्ये पेशीपटलातील एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. 2006 मध्ये उघडकीस आले, की संगणकाच्या आज्ञावलीत एक चिन्ह उलटे पडल्याने रचना आरशातील प्रतिबिंबासारखी उलटी झाली होती. संशोधकांनी आपले पाच निबंध मागे घेतले. तेथे कपट नव्हते, चूक होती. पण चित्रांच्या सुबकपणाने ती पाच वर्षे झाकली गेली.

आम्ही तिला न्यायालयातील रीत सांगितली. पंचाने जे पाहिले नाही, ते पंचनाम्याच्या नकाशात येत नाही. आणि तर्क सांगावयाचाच, तर तो तर्क म्हणून सांगावा. तिच्या शास्त्रातही ही सोय आहे. न दिसलेला भाग तुटक रेषेने दाखविता येतो. आणि मूळ मोजमापे 1971 पासून चालत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेत ठेवली, म्हणजे कोणासही ती पडताळता येतात.

तिने तुटक रेषा काढली आणि खाली एक ओळ लिहिली. चित्राची शोभा किंचित उणावली खरी. पण उद्या कोणी त्या रेणूवर औषध बेतू लागला, तर पायाखालची भूमी कोठवर पक्की आहे, हे त्यास ठाऊक असेल.