मोतीबागेत नागरिक म्हणून या

जालन्याच्या पश्चिमेला मोती तलाव आहे आणि त्याच्या काठाला मोतीबाग. शहरातल्या बहुतेक कुटुंबांचा या जागेशी कधी ना कधी संबंध आलेला असतो. कोणी इथल्या घसरगुंडीवर खेळून मोठे झाले, कोणी सकाळी फेऱ्या मारतात, कोणी अनंत चतुर्दशीला वाजतगाजत गणपती घेऊन येतात. या जागेवर आपला जीव आहे, असे आपण सगळेच म्हणतो. माझे म्हणणे इतकेच, की नुसता जीव असून भागत नाही. जिथे सर्वांचा सारखा हक्क आहे तिथे कसे वागावे, याची नीती आपण अजून अंगी बाणवलेली नाही. वर या उणिवेवर आपण श्रद्धा, परंपरा आणि संस्कृती यांचे पांघरूण घालतो. ते पांघरूण जरा बाजूला करून पाहू.

हा तलाव निसर्गाने दिलेला नाही. जमशेदखान नावाच्या अंमलदाराने तो बांधला. काळी मशीद आणि तिच्यासमोरची सराई हीही त्याचीच कामे. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत आणले होते आणि त्यांतला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या दिवसांत गावाला पाच तलाव होते, असे जुन्या गॅझेटिअरात नोंदले आहे. ‘जालना सोने का पालना’ असे आपण छाती फुगवून सांगतो. पण कुंडलिकेकाठच्या या व्यापारी पेठेचे सोने पाण्याच्या या शहाण्या व्यवस्थेवाचून टिकले नसते, हे सांगायला मात्र विसरतो.

पण या जुन्या वैभवाचे गोडवे गाताना एक फरक नजरेआड करू नये. त्या काळी पाणी गावाचे होते. हक्क गावाचा नव्हता. राज्यकर्त्याने दिले तर मिळायचे, आणि पाणवठ्याला कोणी हात लावायचा ते जात ठरवायची. पुढे निजामाच्या राज्यात उघड्यावर जमण्याचीही मोकळीक राहिली नाही. 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानाने सभा घ्यायला सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. म्हणजे मैदान होते, माणसे होती, बोलण्यासारखे खूप होते. नागरिक तेवढा नव्हता. तो निजामाचे राज्य संपल्यावर, 17 सप्टेंबर 1948 नंतर, इथे जन्माला आला. मोतीबागेच्या फाटकातून आज कोणीही न विचारता आत जातो, ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते, की ती मिळवावी लागली याचा विसर पडतो.

सार्वजनिक बाग ही कल्पनाच मुळी अलीकडची आहे. पूर्वी बागा असत त्या राजांच्या, सरदारांच्या आणि समाधीभोवतीच्या. लोकांच्या पैशातून लोकांसाठी बाग करायची हा विचार इंग्लंडातल्या बर्कनहेड गावाने 1847 साली अमलात आणला. मुंबईची राणीची बाग 1862 ची, आणि दादरचे शिवाजी पार्क 1925 चे. 1927 साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला आजचे नाव मिळाले. त्या मैदानावर पोरांनी क्रिकेट खेळले आणि पुढाऱ्यांनी सभा गाजवल्या. गोंगाट हाताबाहेर गेला तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि 2010 मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवले. एकाच जागेवर अनेकांचा हक्क असला की तंटे होणारच. ते नियमाने सोडवायचे की गर्दीच्या जोरावर, एवढाच खरा प्रश्न असतो.

आपल्याकडे हा प्रश्न बागेआधी पाण्यावर लढला गेला. महात्मा फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे केले. महाडच्या नगरपालिकेने त्याला मान्यता दिली, पण तो ठराव कागदावरच राहिला. मग 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर महाडच्या सनातन्यांनी काय केले? माणसांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतून मंत्रघोषात त्याची ‘शुद्धी’ केली.

ही हकीकत आज ऐकताना आपल्याला शरम वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. पण त्या शुद्धीमागचा तर्क आपण खरोखर टाकून दिला आहे का? पाण्याची शुद्धता पाण्यात काय आहे यावर ठरत नाही, ते कोणी आणि कोणत्या मंत्राने टाकले यावर ठरते, असा तो तर्क होता. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती तलावात सोडताना आपण नेमके हेच मानत असतो. रंग विषारी असला तरी भाव पवित्र आहे, मग पाणी कसे बिघडेल? पाण्याला मात्र भाव कळत नाही. प्लास्टर लवकर विरघळत नाही, तळाशी साचत राहते. रासायनिक रंगांतले शिसे आणि क्रोमियम पाण्यात उतरते. निर्माल्य कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्याही शहरातल्या तलावाच्या काठाने एक चक्कर मारा. अर्धवट भिजलेली सोंड, निखळलेला हात, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तसेच राहिलेले दूर्वा-फुलांचे निर्माल्य, थर्मोकोलचे मखर. ज्याला काल ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटले, त्याची ही दशा भक्ताच्या डोळ्यांना दिसत नसेल, तर ती भक्ती कसली?

यावर पहिला आक्षेप परंपरेचा. तो तपासून पाहू. सार्वजनिक गणेशोत्सवाने मूळ धरले ते 1893 पासून, म्हणजे तो माणसांनी समजून-उमजून सुरू केला. घरची मूर्ती पूर्वी मातीची आणि लहान असे. मातीतून आली, मातीत मिळाली, असा साधा हिशेब. रासायनिक रंगांची आणि कारखान्यातल्या साच्यांतून निघणारी प्लास्टरची धिप्पाड मूर्ती ही आपल्या आजोबांची रीत नव्हती. परंपरेचाच मान राखायचा असेल तर तो शाडूच्या मूर्तीने राखता येतो. दुसरा आक्षेप भावनांचा. कृत्रिम हौदात विसर्जन करून, किंवा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे सुचवल्याप्रमाणे मूर्तिदान करून, कोणाच्या भावनेला काय बाधा येते ते मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्याने टँकरसमोरच्या घागरींच्या रांगा पाहिल्या आणि मोसंबीच्या बागा जळून गेलेल्या पाहिल्या. ज्या मुलखात पाण्यासाठी माणसे रात्र-रात्र जागली, तिथे साठलेल्या पाण्यात प्लास्टर ओतणे हा पाप-पुण्याच्या कोणत्याही हिशेबात पुण्याच्या बाजूला कसा मांडता येईल?

आता बागेच्या आत येऊ. सार्वजनिक बागेत देऊळ कसे उगवते, याची पद्धत गावोगावी सारखीच असते. आधी झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड येतो. महिनाभराने त्याला सिमेंटचा ओटा मिळतो. पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा येतो, मग लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, कुलपाशेजारी दानपेटी आणि शेवटी भोंगा. एवढे होईस्तोवर दुसऱ्या कोपऱ्यात हिरवी चादर अंथरलेली असते, कारण एकाला मुभा मिळाली की दुसरा मागे कसा राहील? दगड असतो तोवर कोणी हरकत घेत नाही आणि भोंगा लागल्यावर हरकत घ्यायची कोणाची छाती होत नाही. सप्टेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाने अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. इथे हमखास विचारले जाते: ‘मग फक्त आम्हालाच का सांगता? आधी त्यांना सांगा.’ उत्तर सोपे आहे. दोघांनाही, एकाच दिवशी, एकाच नियमाने सांगा. दुसऱ्याने आधी वागावे म्हणून थांबणाऱ्यांना न्याय नको असतो, निमित्त हवे असते.

दगडाच्या देवाला बागेत अशी जागा मिळते, पण तरुण मुलगा आणि मुलगी बाकावर बसून बोलू लागले की आपल्याला संस्कृती आठवते. कोणी शिट्टी मारतो, कोणी मोबाइलवर चित्रण करतो, कोणी ‘घरचा नंबर दे’ म्हणून दरडावतो. या स्वयंनियुक्त पहारेकऱ्यांना हा अधिकार कोणी दिला? दोन सज्ञान माणसांनी उजेडात, चारचौघांत बोलणे हा गुन्हा नाही. परक्याचे त्याच्या संमतीवाचून चित्रण करून त्याला धमकावणे हा मात्र गुन्हा ठरू शकतो. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि पुढे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. इतक्या वर्षांनी अश्लील काय, हे ठरवण्याची मक्तेदारी बागेच्या फाटकावरच्या टोळक्याकडे गेली असेल, तर आपण पुढे आलो म्हणायचे कशाच्या जोरावर?

हीच संस्कृती आणखी एका ठिकाणी मूग गिळून बसते. संध्याकाळी दिवे लागल्यावर बागेत एकट्या बसलेल्या बायका किती दिसतात, ते मोजून पाहा. बाई एकटी बसली की तिने काहीतरी कारण सांगावे, अशी अपेक्षा असते. पुरुषाला कोणी कारण विचारत नाही. त्यात स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर म्हातारी माणसे आणि गरोदर बायका अर्ध्या तासात घरी परततात. ज्या बागेत स्वच्छतागृह उघडे नाही, ती अर्ध्या गावाला बंदच आहे, मग फाटकावरची पाटी काहीही म्हणो. संविधानाच्या 15 व्या अनुच्छेदाने धर्म, जात, लिंग या कारणांवरून विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या जाण्यायेण्याच्या सार्वजनिक जागांवर कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे बजावले आहे. दारावर पहारेकरी ठेवून केलेला मज्जाव आपल्याला ओळखता येतो. नजरेने आणि कुलपाने केलेला मज्जावही ओळखायला शिकले पाहिजे.

काही व्यवहारी माणसे म्हणतात, दुष्काळी जिल्ह्यात बागेची ही चैन कशाला? आधी पाणी, रोजगार, रस्ते बघा. हे म्हणणारांच्या घरापुढे बहुधा हिरवळ असते. पोलाद कारखान्यात भट्टीसमोर पाळी करून पत्र्याच्या खोलीत परतणाऱ्या कामगाराच्या पोराला धावायला जागा कुठे आहे? मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा वातानुकूलित यंत्र नसलेल्या कुटुंबाला झाडाची सावली आणि पाण्यावरून येणारा वारा हाच आधार असतो. श्रीमंताला बाग नसली तरी चालते. म्हणूनच बागेवर खर्च करणे हे गरिबाचे देणे चुकवणे आहे.

राहिला प्रशासनाचा भाग. 2023 साली जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. पाटी मोठी झाली, तशी जबाबदारीही मोठी झाली. पण बागेबाबत आपला अनुभव काय सांगतो? कमानीला कोणाचे नाव द्यावे यावरून सभागृहात घसे बसतात. बंद पडलेला पंप आणि सुकलेली रोपे यांवर कोणी आवाज चढवत नाही. नावासाठी भांडायला निष्ठा लागत नाही. झाडाला रोज पाणी घालायला ती लागते. आणि बागेची जागाच कोणी लाटू पाहत असेल, तर तेव्हाही नागरिक निराधार नाहीत. बंगळुरूमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायचा बेत सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हाणून पाडला. लखनौमधल्या एका बागेत भुयारी बाजार बांधला जात होता. तो पाडून बाग पूर्ववत करा, असा आदेश 1999 मध्ये झाला. दोन्ही वेळा न्यायालयाचे दार नागरिकांनी ठोठावले होते.

आपल्याला हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव गाळाने भरला, तेव्हा जालनेकरांनीच पुढाकार घेऊन, वर्गणी काढून, तो उपसायला घेतला होता. तिथे कोणी कोणाची जात विचारली नाही, मुहूर्तही पाहिला नाही. जे घाणेवाडीला साधले ते मोती तलावाला का साधू नये?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मोती तलावात प्लास्टरची एकही मूर्ती जाऊ नये, त्यासाठी प्रत्येक प्रभागात कृत्रिम हौद असावेत आणि निर्माल्याचे खत व्हावे. बागेत कोणत्याही धर्माचे नवे बांधकाम उभे राहू नये, आणि पहिला शेंदरी दगड दिसताच तो हलवावा. ओटा होईपर्यंत थांबू नये. बाग उघडी असेपर्यंत स्वच्छतागृह उघडे असावे. दिवे लागलेले असावेत. बाकावर बसणाऱ्याला जाब विचारणाऱ्यालाच सुरक्षारक्षकाने जाब विचारावा. वर्षाला बागेवर किती खर्च झाला, त्याचा फलक फाटकावर लावावा. यातली एकही गोष्ट कोणाच्या धर्माआड येत नाही. तरीही या मागण्यांनी ज्यांच्या भावना दुखावतील, त्यांनी एवढे सांगावे, की त्यांना जपायचा आहे तो धर्म, की दुसऱ्याच्या हक्कावर पाय देऊन उभे राहण्याची जुनी सवय?