जागा कोणासाठी राखायची?

मुलीच्या लग्नाचा खर्च आपण कित्येक वर्षे आधीपासून मनात मांडत असतो. अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचा खर्च मात्र तो दिवस उजाडेपर्यंत कोणी मांडत नाही. पक्षाघात किंवा विस्मरणाचा आजार झाला की हॉस्पिटलचे बिल एकदाच येते, पण आया, औषधे, डायपर यांचा खर्च वर्षानुवर्षे चालतो. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ साली आयुष्मान योजना खुली झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण ती हॉस्पिटलात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरच्या आयाचा पगार तिच्यात बसत नाही.

अशा वेळी आपल्या वसईत बहुतेक घरांपाशी एकच मोठी ठेव असते : वाडी किंवा घर. ती कोणासाठी राखायची?

काही आईवडील मायेपोटी हयातीतच मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होतात. बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र मरणानंतर लागू होते आणि तोपर्यंत केव्हाही बदलता येते. त्याला दोन साक्षीदार पुरतात. बक्षीसपत्र करायचेच असेल तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असे त्यात स्पष्ट लिहावे. तशी अट असेल आणि ती मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली एका आईची मालमत्ता तिला परत मिळवून दिली.

पोटच्या मुलाला अट घालणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे का? आम्हाला तसे वाटत नाही. सिराखच्या ग्रंथाचा ३३ वा अध्याय बापाला सांगतो की, जिवंतपणी आपले धन दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस, वाटणी शेवटच्या घटकेला कर. त्याच ग्रंथाचा ३ रा अध्याय मुलाला सांगतो की, बापाची बुद्धी चळली तरी त्याला सांभाळ. दोन्ही उपदेश एकत्रच वाचायला हवेत. हातात काही असलेल्या बापाला मुलापुढे हात पसरावा लागत नाही, आणि मुलाचीही परीक्षा होत नाही.

दुसरी चूक मुलांकडून होते. 'वाडवडिलांची जागा आहे, तिला हात लावायचा नाही,' असे म्हणत उपचारांत काटकसर केली जाते. खरे तर आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे आईवडिलांच्या मालमत्तेवर मुलांना जन्मतः हक्क मिळत नाही. ती त्यांची आहे आणि आधी त्यांच्याच कामी यावी. मार्कच्या ७ व्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना याच गोष्टीबद्दल खडसावतो : आईवडिलांना द्यायचे ते 'कुर्बान' म्हणून बाजूला ठेवायचे आणि हात झटकायचे. आपणही जागेला कुर्बान करतो की काय, हे तपासून पाहावे.

आणि जी सून किंवा मुलगी रात्री उठून कूस बदलते, तिच्या कष्टांनाही मोल आहे. आईवडिलांनी तिला थोडे अधिक दिले तर भावंडांनी रुसू नये.

सर्वजण धडधाकट आहेत तोवरच एकत्र बसू या. कोण पाहील, पैसा कुठून येईल, गरज पडल्यास काय विकायचे, हे आईवडिलांनाच विचारू या आणि लिहून ठेवू या.