पाळणे

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. बाहेर पहिल्या पावसाची झड लागली होती. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर सातवीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोके.

"सर, हा आमच्या मोरीत असतो. आमची चाळ पाडणार आहेत. आम्ही आजीकडे जाणार. तुम्ही पाळाल?"

डब्यात एक झाडबेडूक होता. अंग फिकट तपकिरी, पाठीवर गडद डाग, मांड्यांच्या आतल्या बाजूला पिवळे ठिपके आणि बोटांच्या टोकांना टिकलीएवढ्या गोल गाद्या. हा मुलगा वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसे. त्याने कधी खोडी केली नाही, कधी तक्रार केली नाही. गेल्या वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकात मीच शेरा लिहिला होता: 'शांत व समाधानी'. मी डबा घेतला आणि "पाळीन" म्हणालो. तो शब्द मी किती सहज उच्चारला, ते मला पुढे कळायचे होते.

बाळकुमला एका अंगाला खाडी आणि दुसरीकडे दूरवर येऊरचा डोंगर. जिथे भातखाचरे होती तिथे आता पंचवीस-तीस मजल्यांचे मनोरे आहेत, नाक्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. मधल्या पाड्यांतून अजून काही कौलारू घरे, काही बैठ्या चाळी तग धरून आहेत. झाडबेडूक अशाच घरांचा जुना भाडेकरू. बाहेर कोरडे पडले की तो ओलाव्याच्या वासाने मोरीत, न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीआड येऊन राहतो. गाद्यांच्या बोटांनी गुळगुळीत भिंतही सहज चढतो. जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1830 साली त्याला शास्त्रीय नाव दिले. आमच्या आज्यांनी त्याला नाव दिले नाही, पण मोरीत गरम पाणी ओतण्यापूर्वी कोपऱ्यात एकदा पाहण्याची सवय त्यांना होती.

घरी माशांची एक जुनी काचपेटी पडून होती. तीत माती घातली, पेरूची फांदी उभी केली, पाण्याची वाटी ठेवली, वर जाळी बसवली. मी चित्रकलेचा शिक्षक. दहावीनंतर त्याच वाटेने आलो, त्यामुळे प्रयोगशाळेत बेडूक फाडण्याची वेळ माझ्यावर आली नाही. बेडूक मला जिवंतपणीच, नवा होता. रोज दुपारी घरी आलो की मी पेटीसमोर बसून त्याची रेखाटने करी. आणि असा नमुना मला कधी मिळाला नव्हता! पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धवट मिटून तो तासन्‌तास एका जागी बसे. शेजारी पाहायला येत आणि म्हणत, "छान रमलाय हो!" मीही म्हणे, "रमलाय."

आठवड्याभरात तो वाळू लागला. मारलेली झुरळे मी त्याच्यापुढे ठेवीत होतो, त्यांना तो शिवत नव्हता. तेव्हा मी वाचायला बसलो, आणि एकेका पानावर माझे अज्ञान उघडे पडत गेले. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. म्हणूनच नळाच्या पाण्यातले क्लोरीन, आपल्या हाताचे मीठ, साबण, फिनेल, सारे त्याच कातडीतून त्याच्या अंगात जाते. हातात घ्यायचाच झाला तर हात स्वच्छ धुऊन, ओले ठेवून घ्यावा; खरे तर घेऊच नये. त्याला उंच जागा लागते, ओलावा लागतो आणि काळोख लागतो.

खाण्याचे कोडेही उलगडले. 1959 साली जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बेडकाच्या डोळ्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की, बेडकाचा डोळा सगळ्या जगाचे चित्र मेंदूकडे पाठवीत नाही. हालचाल करणारी लहानशी वस्तू तेवढी तो हेरतो. भोवती अन्न पडलेले असले, पण ते हलत नसले, तर बेडूक उपाशी मरेल.

हे वाचून मला आधी हसू आले. मग माझा वर्ग आठवला. पंचेचाळीस मुलांत मला कोण दिसते? जे हलते ते. बाकावर उभे राहणारे, खडू फेकणारे, हात वर करणारे. जे हलत नाही ते माझ्याही डोळ्याला दिसत नाही. बेडकाचा डोळा निसर्गाने तसा घडविला आहे. माझा मी तसा होऊ दिला.

त्या रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर पेटीतून आवाज येत होता. टप्... थोड्या वेळाने पुन्हा टप्. दिवा न लावता मी जवळ गेलो. तो काचेवर उड्या मारीत होता. काच त्याला दिसत नव्हती. पलीकडचा काळोख तेवढा दिसत होता. सकाळी नीट पाहिले, तर नाकपुड्यांच्या वरची कातडी सोलवटून लाल झाली होती. माझ्या वहीत त्याची सतरा रेखाटने होती आणि एकातही ती जखम नव्हती. कारण उघड होते. तो निशाचर. तो जगत होता रात्री आणि मी त्याला पाहत होतो दुपारी. त्याची झोप पाहून मी त्याच्या आयुष्याविषयी मत बनविले होते.

मुक्या प्राण्याची काळजी घेण्यातला खरा नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. क्रौर्य ओळखणे सोपे आहे. दगड मारणाऱ्या पोराचा कान धरता येतो. 1987 साली भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तेव्हा काय थांबवायचे ते स्पष्ट होते. पण प्रेमाने केलेल्या कोंडीचे काय? कुत्रा विव्हळतो, मांजर ओचकारते. बेडूक गप्प बसतो, आणि त्याच्या गप्पपणात आपण आपल्याला हवा तो अर्थ ओततो. जो बोलत नाही त्याच्या वतीने आपण बोलू लागलो, की तो नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देतो!

आपल्या भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. आपण कुत्रा पाळतो आणि शब्दही पाळतो. गाय पाळतो आणि पथ्यही पाळतो. एका 'पाळण्या'त आपण धनी असतो, दुसऱ्यात बांधलेले. क्रियापद मात्र एकच. मला वाटते, भाषेला इथे काहीतरी ठाऊक आहे. ज्याला पाळायचे त्याचे नियमही पाळावे लागतात. पहिले पाळणे दुसऱ्यावाचून निव्वळ कोंडणे ठरते.

याचा अर्थ पेटी नेहमीच वाईट, असे मी म्हणणार नाही. टांझानियात किहान्सी नदीच्या धबधब्याच्या तुषारांवर जगणारा नखाएवढा भेक होता. 2000 साली धरण सुरू झाले, तुषार आटले. त्याच सुमारास सुमारे पाचशे भेक अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेऊन काचेच्या पेट्यांत कृत्रिम तुषारांखाली जगविले गेले. 2009 मध्ये निसर्गातून तो नष्ट झाल्याचे जाहीर झाले, आणि 2012 मध्ये पेट्यांतली प्रजा त्या दरीत परत सोडण्यात आली. तिथे पेटी होती ती त्या जीवाच्या गरजेसाठी. उलट ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक जगभर हौसेने पाळला जातो. नीट ठेवला तर पंधरा वर्षांहून अधिक जगतो, आणि लाडाने इतका खाऊ घातला जातो की डोळ्यांवर चरबीच्या घड्या येतात. पेटी दोन्हीकडे आहे, माया दोन्हीकडे आहे. विचारायचे ते एवढेच: ही पेटी कुणाच्या गरजेची? माझ्या घरातली पेटी माझ्या गरजेची होती. मला नमुना हवा होता, आणि थोडा मोठेपणाही.

त्या संध्याकाळी मी पेटी मोरीत नेली आणि जाळी काढली. तो लगेच गेला नाही. काळोख झाल्यावर पाहिले तर फांदी रिकामी होती आणि तो खिडकीच्या चौकटीवर बसला होता. तेव्हापासून घरात काही नियम आहेत. मोरीत फिनेल टाकायचे नाही. रात्री तिथला दिवा जळत ठेवायचा नाही. गरम पाणी ओतण्यापूर्वी कोपरा पाहायचा. खिडकीची एक काच उघडी राहते. तीतून डास येतात, आणि सौभाग्यवती त्याबद्दल मला रोज बोलते. जुलैत मागच्या पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वर, साबणाच्या फेसासारखा एक गोळा चिकटलेला आढळला. मादी अंगातला स्राव मागच्या पायांनी घुसळून हा फेस करते, त्यात अंडी घालते. काही दिवसांनी पिल्ले त्यातून खाली पाण्यात पडतात. ते पिंप आम्ही महिनाभर वापरले नाही. फेस आमच्याच पाहुणीचा की दुसऱ्या कुणाचा, हे मी ताडून पाहायला गेलो नाही.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तात, एका बेडकाच्या आवाजामागून दुसरा ओरडतो त्याला गुरूमागून म्हणणाऱ्या शिष्याची उपमा दिली आहे. आम्हा शिक्षकांना ती आवडावी अशीच आहे. आमच्यामागून म्हणणारा तो आमचा शिष्य. जो म्हणत नाही, त्याच्यासाठी आमच्याकडे एक तयार शेरा असतो.

गणपतीच्या आधी त्या मुलाच्या आईचा शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी फोन आला. बोलणे संपल्यावर तिने फोन मुलाकडे दिला.

"सर, तो आहे का?"

"मोरीत येतो-जातो. पेटीत ठेवला होता, ते चुकले माझे."

"तो रात्रीचा फिरतो, सर." हे त्याला आधीपासून ठाऊक होते. मी विचारले नव्हते.

"आणि तू? तिकडे कसे वाटते?"

पलीकडून काही आले नाही. एरवी मी "मजेत ना?" म्हणून त्याचे उत्तर मीच देऊन टाकले असते. या वेळी थांबलो. बराच वेळ थांबावे लागले.

"मला झोप लागत नाही इथे," तो म्हणाला.

मग आम्ही पुष्कळ वेळ बोललो. आता दर रविवारी मी फोन करतो. त्याच्या प्रगतिपुस्तकातला तो शेरा मात्र माझ्याच अक्षरात तसाच आहे.