फाटकाची कडी



मागच्या महिन्यात घरांना आशीर्वाद देत फिरत असताना एका भगिनीला मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात प्रार्थना होते ना?" तिने खोटे सांगितले नाही. "फादर, पहाटे चारला पाणी येतं. मग डबे, मुलांची शाळा, मग लोकल. परत येते तेव्हा साडेआठ वाजतात. रोझरीला बसले की दुसऱ्या रहस्याला डोळा लागतो." मी म्हणालो, "दहा मिनिटे तरी देवासाठी काढा." बाहेर पडलो आणि माझी मलाच लाज वाटली. तिच्याकडे वेळ नव्हता. माझ्याकडे असतो, आणि तरी मी तो काढतोच असे नाही.

संत पौल थेस्सलनीकाच्या लोकांना अखंड प्रार्थना करायला सांगतो (१ थेस्स. ५:१७). ती काही मठात राहणारी मंडळी नव्हती. आपापल्या हातांनी काम करा, असेही त्याच पत्रात तो त्यांना सांगतो. मग काम करणाऱ्या माणसाने अखंड प्रार्थना करायची कशी?

देवाने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे आणि ते अगदी घरगुती आहे. इस्राएल लोकांना त्याने आज्ञा दिली की वस्त्राच्या टोकांना गोंडे लावा, त्यात निळा दोरा घाला, म्हणजे ते पाहून तुम्हाला माझ्या आज्ञांची आठवण होईल (गणना १५:३८-३९). आपली माणसे विसराळू आहेत हे देवाला ठाऊक होते. दाराच्या चौकटीवर वचने लिहायलाही त्याने सांगितले. आजही यहुदी घरांच्या चौकटीवर वचनाची छोटी डबी असते. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल बांधवांच्या दारालाही ती असते. येता-जाता तिला हात लावायचा, की झाले स्मरण.

आता लूकचे शुभवर्तमान उघडा. बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी असलेली ती स्त्री गर्दीतून मागून येते आणि प्रभूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते (लूक ८:४४). तो हाच गोंडा! म्हणजे आपला प्रभूदेखील पित्याच्या आज्ञेची आठवण देणारा दोरा अंगावर वागवत होता. हे वाचले की मला फार जवळचे वाटते. आणि तोच प्रभू, लोकांना दिसावेत म्हणून गोंडे लांब करणाऱ्यांना खडसावतोही (मत्तय २३:५). टेम्पोच्या आरशाला जपमाळ टांगून समोरच्याला शिव्या घालणाऱ्या आपल्या भावांनी हा अध्याय जरूर वाचावा. जपमाळ ताईत नव्हे. ती टांगली म्हणून अपघात टळेल असे चर्चने कधी शिकवलेले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत अगस्तीनचा एक विचार वाचला होता. चिन्ह म्हणजे अशी वस्तू, जी स्वतः दिसतेच, पण मनात दुसरेही काही आणून देते. धूर दिसला की विस्तव आठवतो. परीक्षेत मी हे छान लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी, आईच्या माघारी तिचा किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला तेव्हा कळला. नुसते लोखंड, पण सगळी आई त्यात होती.

म्हणून त्या भगिनीला आता मी वेगळे सांगेन. वेळ काढू नका, वस्तू निवडा. आमटीत मीठ टाकताना प्रभूने आपल्याला पृथ्वीचे मीठ म्हटले ते आठवा. लोकलची कडी पकडलीत, की शेजारच्या दमलेल्या चेहऱ्यासाठी एक "नमो मारिया" म्हणा. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे आचारी होते. स्वयंपाकाच्या गडबडीतही त्यांना देवाचे सान्निध्य देऊळमांडवाइतकेच जाणवे. मात्र सुरुवातीला एकच वस्तू घ्या. दहा घेतल्यात तर एकही टिकणार नाही.

आणि शक्यतो सोपी घेऊ नका. एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या परवानगीने लिहितो. ही गोष्ट पापनिवेदनातली नव्हे, पडवीत चहा पिताना झालेली आहे. कुंपणाच्या वादावरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षे त्यांचे बोलणे नाही. दोन्ही घरांचे फाटक मात्र एकच. "मी कुठली वस्तू घेऊ?" असे त्यांनी विचारल्यावर मी फाटकाकडे बोट दाखवले. "कडी काढताना भावाचे नाव घ्या आणि एक नमो मारिया म्हणा." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसरं काहीतरी सांगा, फादर." मी दुसरे सांगितले नाही.

तीन आठवड्यांनी मिस्सानंतर ते भेटले. "नाव अजून तोंडात येत नाही," म्हणाले. "पण कडी आपटायचं बंद केलंय. त्याला ऐकू जावं म्हणून रोज आपटत होतो."

एवढेच घडले आहे. दोघे अजून बोलत नाहीत. या आठवड्यात आपापल्या दाराची कडी काढताना या दोन भावांसाठी प्रार्थना करा. ते कोण, हे मला विचारू नका.

आपला,
प्रमुख धर्मगुरू