हक्कसोड पत्रावरची सही



रविवारची मिस्सा संपल्यावर कधीकधी एखादी भगिनी मागे थांबते. हातात कागद असतो. "फादर, भाऊ म्हणतो इथे सही कर. करू का?" कागद हक्कसोड पत्राचा असतो. वडील वारलेले असतात; गावी थोडी जमीन, नाहीतर इथे नाशिकरोडला दोन खोल्यांचे घर. सही झाली की उताऱ्यावरून तिचे नाव जाणार.

आम्ही वकील नाही. म्हणून आधी एवढेच विचारतो, "यात तुझे किती आहे, ठाऊक आहे का?" बहुतेक वेळा ठाऊक नसते.

आपणा ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर आईला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना सारखे. मुलगा, मुलगी, विवाहित, अविवाहित असा भेद त्यात नाही. केरळात जुन्या त्रावणकोर कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा ५००० रुपये, यांतले जे कमी असेल तेच मिळे. मेरी रॉय या ख्रिस्ती भगिनी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली ती प्रथा मोडली. आपल्याकडे कायदा कधीच आड आला नाही. आड येते ती रीत.

वाटणी होईपर्यंत सामायिक घराचा प्रकार मोठा विचार करण्याजोगा आहे. स्वयंपाकघर थोरल्याचे आणि ओटा बहिणीचा, असे तिथे नसते. प्रत्येक विटेत प्रत्येकाचा अंश असतो. म्हणून जो भाऊ त्यात राहतो, तो सर्वांच्या वतीने राहतो असे कायदा मानतो. नुसती वीस वर्षे राहिल्याने बहिणीचा हक्क बुडत नाही.

भावाचीही बाजू आहे, आणि ती खरी आहे. घरपट्टी त्याने भरली, पत्रे त्याने बदलले, आईचे आजारपण त्याच्या बायकोने काढले. हे ऋण वाटणीच्या वेळी उघडपणे मांडावे, हिशेबात धरावे. बहिणीच्या अज्ञानातून ते वसूल करणे आम्हांला चोरीच्या जवळचे वाटते.

"पण फादर, त्याग ख्रिस्ती गुण नाही का?" असे विचारणारा बहुधा भाऊच असतो! त्याग आपल्या मालकीच्या वस्तूचाच करता येतो, तोही 'नाही' म्हणण्याची मोकळीक असताना. सही नाकारली तर माहेर तुटेल, या भीतीने दिलेले दान कसले? सर्व समजून, हसतमुखाने हिस्सा सोडणाऱ्या बहिणीही आम्ही पाहिल्या आहेत. त्यांचे देणे खरे.

काही जण लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय दाखवतात. वतनाची वाटणी करून देण्यास प्रभूने नकार दिला, हे खरे. पण लगेच त्याने लोभाविषयी इशारा दिला आणि मोठी कोठारे बांधणाऱ्या धनवानाचा दाखला सांगितला. तो जागा धरून बसलेल्यालाही लागू आहे. आणि गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वडिलांचे वतन मागतात, तेव्हा देव म्हणतो की त्यांचे म्हणणे रास्त आहे.

हे सारे आम्ही एका भगिनीला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले, कागदाची घडी पिशवीत ठेवली आणि विचारले, "सही नाही केली, तर नाताळला भाऊ बोलावील का, फादर?"

आम्हांला उत्तर देता आले नाही.