दारिद्र्य आणि मुलाची नजर

गरिबांचें जीवन सुंदर करून रंगविणें हा त्यांच्या दुःखाचा अपलाप नव्हे काय? आयरिश चित्रकार जॅक येट्स (१८७१–१९५७) याचीं चित्रें पाहतांना हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. कवि येट्सचा हा धाकटा भाऊ जन्मला लंडनमध्यें. वाढला मात्र स्लायगोस, आजोळीं. आजोबा जहाजांचे धनी. तेव्हां नातवास उपासमारीची झळ कोठली! बंदरावरचे खलाशी, घोड्यांच्या शर्यती, सर्कशींतले विदूषक हेंच त्याचें जन्माचें भांडवल.

पण १९०५ सालीं नाटककार सिंज याच्यासह तो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कंगाल मुलुखांत हिंडला. मदतीच्या कामावर खपणारे व समुद्रशेवाळ जाळणारे लोक त्यानें रेखाटले. ते दरिद्री आहेत, पण दीनवाणे नाहींत. आमच्या मतें हें बालपणाचें देणें होय. परोपकारी गृहस्थ गरिबाकडे वरून पाहतो. मूल खालून पाहतें, आणि त्यास खलाशी गरीब न दिसतां थोर दिसतो. कींव करणाऱ्यांस जें दिसत नाहीं तें या नजरेस दिसतें, म्हणून आम्ही यास अपलाप म्हणणार नाहीं. मात्र त्या खलाशाच्या हातीं दिवसाकाठीं मजुरी किती पडते, हें मूल कधीं विचारीत नाहीं. आणि येट्सचीं पुष्कळशीं चित्रेंही विचारीत नाहींत.